फोटो नॉर्मल आला, म्हणजे मिरगी नाही असं नाही

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक बाप आपल्या १९ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. मुलीचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. बापाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत तीन मोठे लिफाफे. तीन वर्षांत काढलेले तीन एमआरआय. तिन्ही नॉर्मल.

तिसरा नॉर्मल आल्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, "डोक्यात काही नाही, गोळ्या बंद करा." गोळ्या बंद झाल्या. दोन महिन्यांनी चुलीसमोर भाकर टाकताना झटका आला आणि हात विस्तवात गेला.

बापानं मला विचारलं, "डॉक्टरसाहेब, चौथा फोटो काढून पाहू का? यावेळी तरी दिसेल?"

पहिल्या तीन फोटोंसाठी त्यानं बैलजोडी विकली होती. तुमच्याही घरात मिरगीचा पेशंट असेल, तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीही ऐका. मी थोडा रागानं लिहितो आहे, त्याबद्दल माफ करा.

मिरगी फोटोत पकडली जात नाही

मिरगी, म्हणजे अपस्मार, हा मेंदूतल्या विजेचा आजार आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. काही पेशी अचानक एकाच वेळी, बेफाम संदेश सोडू लागल्या की झटका येतो. दोन-तीन मिनिटांत वादळ शमतं आणि मेंदू पुन्हा नेहमीसारखा काम करू लागतो.

साधा एमआरआय किंवा सीटी स्कॅन हा मेंदूच्या घडणीचा फोटो आहे. घराच्या भिंतीचा फोटो काढला तर तडा दिसेल, पण भिंतीतल्या वायरिंगमध्ये शॉर्ट सर्किट होतं का, ते दिसणार नाही. म्हणून मिरगी असलेल्या अनेक लोकांचा एमआरआय अगदी नॉर्मल येतो. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेली पट्टी, तीसुद्धा नॉर्मल येऊ शकते, कारण ती अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि त्या वेळात मेंदू शांत असू शकतो.

मग निदान कशावरून होतं? झटका कसा आला, यावरून. डोळे कोणत्या बाजूला वळले, कोणता हात आधी कडक झाला, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, शुद्ध किती वेळानं आली. हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो माणूस आणि त्याच्या खिशातला मोबाईल मला लाखाच्या यंत्रापेक्षा जास्त सांगतात. त्या मुलीच्या भावाकडे ४० सेकंदांचा व्हिडिओ होता. तीन वर्षांत तो कोणीच मागितला नव्हता.

"पण फोटो काढला तर बिघडलं काय?"

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. पहिल्यांदा झटका आला तर एक स्कॅन काढायलाच हवा, यात वाद नाही. गाठ, जुना मार, लकवा, टीबीची गाठ किंवा मेंदूतल्या जंताची गाठ आहे का, ते कळलं पाहिजे. आपल्या भंडारा-गोंदियाकडे सिकलसेलही आहे. सिकलसेलच्या मुलाला झटका आला तर तो मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आल्यामुळेही असू शकतो. तिथं एक दिवसही थांबू नका.

पण फोटो स्वतः बोलत नाही, तो वाचावा लागतो. सीटी स्कॅन आपल्या देशात आला, तेव्हा झटके येणाऱ्या बऱ्याच लोकांच्या मेंदूत एक लहानशी गोल गाठ दिसू लागली. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून ती टीबीचीच धरली गेली आणि लोकांना महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अशा गाठी तपासून दाखवलं, की त्यातल्या बहुतेक मेंदूत अडकून मरत असलेल्या जंताच्या आहेत आणि कित्येक आपोआप विरघळतात. फोटो खरा होता, त्याचा अर्थ चुकीचा लावला जात होता.

बिघडतं ते इथं. दर वर्षी तोच साधा फोटो पुन्हा काढला जातो. त्यात पैसा जातो, गोळ्यांना पैसा उरत नाही. आणि "नॉर्मल" हा शब्द वाचून गोळ्या बंद होतात. पेशंटला बरं वाटावं म्हणून फोटो लिहून देणारा डॉक्टर आणि "फोटो नाही काढला तर कसला डॉक्टर" म्हणणारे नातेवाईक, दोघंही यात सामील आहेत.

मग रक्तप्रवाहाचे ते मोठे फोटो कशासाठी?

असेही फोटो असतात ज्यांत मेंदूचं काम दिसतं. ते मात्र आपल्या पेशंटपर्यंत पोहोचतच नाहीत.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के असतं, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास २० टक्के तो एकटा वापरतो. त्याच्याजवळ साठा नसतो. म्हणून मेंदूच्या ज्या भागात काम वाढतं, तिकडे रक्त लगेच जास्त धावतं. रॉय आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी ही कल्पना १८९० मध्ये मांडली होती. १९३० च्या दशकात कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डॉ. पेनफिल्ड यांनी मिरगीच्या पेशंटची शस्त्रक्रिया करताना उघड्या मेंदूवरच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास केला. त्यांच्याच संस्थेत शिकून आलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तिथं मिरगीची शस्त्रक्रिया केली. म्हणजे ही विद्या आपल्या देशात ७० वर्षांहून जुनी आहे.

आज रक्तप्रवाह पाहायला कवटी उघडावी लागत नाही. तीन तपासण्यांची नावं लक्षात ठेवा.

पहिली, स्पेक्ट. पेशंटला दवाखान्यात भरती करून ईईजीच्या तारा आणि कॅमेरा लावून ठेवतात. झटका सुरू होताच काही सेकंदांत शिरेतून अगदी थोडं किरणोत्सारी औषध देतात. धानाच्या पाटात गुलाल टाकला, तर त्या घडीला ज्या बांधीत पाणी जोरात जातं तिथंच रंग जास्त साचतो. तसंच हे औषध त्या क्षणी जिथं रक्त जास्त जातं तिथं जास्त साचतं आणि तिथंच राहतं. झटका थांबल्यावर, पेशंट शांत झाल्यावर फोटो काढला, तरी वादळाची जागा त्यात दिसते. पुढे एखाद्या शांत दिवशी दुसरा फोटो काढतात आणि दोन्ही ताडून पाहतात. औषध द्यायला उशीर झाला तर वादळ पसरलेलं असतं आणि जागा चुकू शकते.

दुसरी, पेट. यात मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दिसतं. मिरगी जिथून सुरू होते तो भाग दोन झटक्यांच्या मधल्या काळात बहुधा सुस्त असतो, कमी साखर खातो.

तिसरी, फंक्शनल एमआरआय. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि ऑक्सिजन संपलेलं रक्त चुंबकाला वेगळं वागतं. जपानी शास्त्रज्ञ ओगावा यांनी १९९० मध्ये यावरून मेंदूचं काम टिपण्याची वाट दाखवली. पेशंटला शब्द आठवायला किंवा बोटं हलवायला सांगतात आणि बोलण्याची, हात हलवण्याची जागा शोधतात. खराब भाग काढताना वाचा जाऊ नये, हा त्याचा उपयोग.

तिन्ही तपासण्या "मिरगी आहे का" हे सांगण्यासाठी नाहीत. मिरगी आहे हे ठरलेलं असतं. त्या "कुठं आहे" हे शोधतात, आणि तेही ज्याच्या शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे त्याच्यासाठी.

ज्याला हवा त्याला मिळत नाही

मिरगीच्या १० पैकी साधारण ७ लोकांचे झटके नियमित गोळ्यांनी थांबू शकतात. त्यांना स्पेक्ट नको, पेट नको, दर वर्षी एमआरआय नको. त्यांना रोज, न चुकता, ठरलेल्या वेळी गोळी हवी. आणि झोप हवी. मंडईत रात्रभर नाटक पाहून सकाळी झटका आला, असे पेशंट मी दर हंगामात पाहतो.

उरलेल्या तिघांचं काय? दोन योग्य औषधं, योग्य डोसमध्ये, नियमित घेऊनही झटके थांबत नसतील, तर त्याला औषधाला न जुमानणारी मिरगी म्हणतात. तिथं तिसरी, चौथी, पाचवी गोळी वाढवत बसण्यात फार कमी हाती लागतं. अशा पेशंटला मिरगीचा खास विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं पाहिजे. तिथं मिरगीसाठी वेगळ्या पद्धतीनं, बारीक कापांचा एमआरआय काढतात. साध्या फोटोत सुटलेला डाग त्यात कधी कधी सापडतो. तरीही जागा नक्की होत नसेल, तर पेट आणि स्पेक्टचं काम सुरू होतं.

दिल्लीच्या एम्समध्ये अशा ११६ मुलांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ५७ मुलांची शस्त्रक्रिया झाली, ५९ मुलं गोळ्यांवर राहिली. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांचे झटके थांबले होते. गोळ्यांवरच्या गटात फक्त ७ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटात तीनपैकी एका मुलाला हातापायाची कमजोरी किंवा तसा गंभीर त्रासही झाला, हे लपवू नये. सगळ्यांची शस्त्रक्रिया होत नाही. पण विचारणा तरी प्रत्येकाची झाली पाहिजे.

आता माझी चूक सांगतो. धान लावणाऱ्या कुटुंबातल्या एका मुलाला मी सहा वर्षं गोळ्या बदलून देत राहिलो. "पाहू, डोस वाढवू." सहा वर्षांत शाळा सुटली, बोडीत पोहायला गेला तेव्हा एकदा बुडता बुडता वाचला. दोन औषधं पहिल्या दीड वर्षातच फसली होती. त्याला त्याच वेळी पुढे पाठवायला हवं होतं. मी पाठवलं नाही, कारण मलाही वाटायचं की एवढ्या मोठ्या तपासण्या आपल्या गावच्या माणसासाठी नसतात. मला आता त्या वाटण्याचीच लाज वाटते. झटके चालू राहिले तर माणूस भाजतो, बुडतो, कधी झोपेतच जातो. गावचा असो की शहराचा.

तुम्ही काय करायचं?

झटका आला की पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. एकानं सांभाळावं, दुसऱ्यानं व्हिडिओ काढावा. झटका पाच मिनिटांवर गेला तर १०८ ला फोन करा.

वहीत प्रत्येक झटक्याची तारीख आणि चुकलेल्या गोळीची तारीख लिहा.

डॉक्टरनं पुन्हा फोटो लिहिला तर नम्रपणे विचारा, "या फोटोनं माझ्या उपचारात काय बदलेल?" उत्तर मिळालं तर जरूर काढा.

दोन औषधं नियमित घेऊनही झटके येत असतील तर मलाच काय, कोणत्याही डॉक्टरला स्पष्ट म्हणा, "आम्हाला मिरगीच्या विभागात चिठ्ठी द्या." सरकारी योजनेतून खर्चाची सोय होते का, तेही तिथंच विचारा.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका.

त्या बापाला मी चौथा फोटो लिहून दिला नाही. मुलीची गोळी पुन्हा सुरू केली, व्हिडिओ न्यूरॉलॉजिस्टला पाठवला, आणि चुलीजवळ तिनं एकटीनं बसायचं नाही असं आईकडून कबूल करून घेतलं. बाप जाताना थोडा नाराजच होता. फोटोशिवाय इलाज कसला, असं त्याला वाटलं असेल. पुढच्या महिन्यात तो येईल तेव्हा मी आधी वही पाहीन.