आकड्यांची भाषा आणि कृष्णेचा पूर

बंगळुरू : कृष्णेला पूर आला की सांगली-कोल्हापुरातून पहिले बोट अलमट्टीकडे दाखवले जाते, आणि बंगळुरूच्या विधानसौधातून त्याचा तितक्याच तत्परतेने इन्कार होतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर हेच घडले. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीला जबाबदार धरले नाही. तरीही संशय मावळला नाही. धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये अनुकूलता दर्शविल्यापासून तो अधिकच गडद झाला आहे.

या वादाच्या गदारोळात एक किरकोळ वाटणारा प्रश्न मागे पडतो. विसर्गाचे आकडे सीमेपलीकडे जातात ते कोणत्या रूपात? जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बंगळुरूत मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची भेट घेतली, तेव्हा पूरकाळातील समन्वय आणि माहितीची तत्काळ देवाणघेवाण हाच विषय होता. महिनाभरातच कृष्णेला पुन्हा महापूर आला.

माहिती देणे आणि ती वापरण्याजोगी देणे, यांत अंतर आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी फुटांत मोजली जाते. तेथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगतात. साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, तर केंद्रीय जल आयोगाच्या नोंदी घनमीटर प्रतिसेकंदात. एक घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट. म्हणजे स्तंभावर एकक लिहायचे राहिले, तर चूक थेट पस्तीस पटींची होते. पाच लाख क्युसेक आणि १४,१५८ क्युमेक हे एकच पाणी आहे, हे माणसाला उमगते. संगणकाला ते सांगावे लागते.

पीडीएफ पत्रक किंवा भ्रमणध्वनीवर धाडलेले तक्त्याचे छायाचित्र माणसाला वाचता येते. पूर-प्रारूपाला मात्र ते आयते वापरता येत नाही. कोणी तरी ते पुन्हा टंकित करतो, आणि पुरात तेवढे तासही मोलाचे असतात. शिवाय रिकामा रकाना म्हणजे विसर्ग शून्य की नोंदच झाली नाही? आकडा सकाळी सहाचा की आठचा? प्रत्यक्ष मोजलेला की पातळीवरून कोष्टकाने काढलेला? याची उत्तरे आकड्यासोबतच प्रवास करायला हवीत.

त्यासाठी साधने उपलब्ध आहेत. वॉटर-एमएल २.० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ पासून अस्तित्वात आहे. स्थानकाचा संकेतांक, वेळ, एकक आणि नोंदीची प्रत या बाबी त्यात आकड्याला जोडलेल्या असतात. तेही जड वाटल्यास स्तंभांची नावे ठरवून दिलेली साधी सीएसव्ही फाइल पुरेशी आहे. जलविज्ञान प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यापासून, म्हणजे १९९५ पासून, दोन्ही राज्यांचे अभियंते संगणकीय नोंदींशी परिचित आहेत. अडचण तांत्रिक म्हणता येणार नाही.

अडचण राजकीय आहे. कोणता दरवाजा कधी उघडला, हे यंत्रवाचनीय नोंदीत आले की नंतर सोयीस्कर खुलासे करता येत नाहीत. ही धास्ती एकाच बाजूची नाही. कोयना, वारणा आणि राजापूर बंधाऱ्यावरून जाणाऱ्या पाण्यावर चिकोडी आणि रायबाग तालुक्यांतील नदीकाठच्या गावांचे भवितव्य अवलंबून असते. त्यामुळे महाराष्ट्राने मागितलेली शिस्त त्याला स्वतःलाही पाळावी लागेल.

उंचीचा वाद न्यायालयात आणि दिल्लीत रेंगाळेल. आकड्यांचा नमुना ठरविण्यासाठी मात्र लवाद लागत नाही. दोन सचिवांच्या सह्यांचे एक पानभर परिशिष्ट पुरते. सामायिक नमुन्याने विश्वास आपोआप निर्माण होणार नाही, हे खरे. पण त्यावाचून तो पारखताही येणार नाही, आणि तोवर प्रत्येक पावसाळ्यात दोन राज्ये एकाच नदीविषयी दोन भाषांत भांडत राहतील.