सल्ला देणे हीही एक विद्या आहे

धूम्रपानाविरुद्ध कायदा करण्यात गोवा मागे राहिलेला नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास व थुंकण्यास मनाई करणारा आपला कायदा १९९७ सालचा. केंद्राचा कायदा त्यानंतर, २००३ मध्ये आला. कर्करोग शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी या भूमीत तंबाखूविरुद्ध केलेले कार्य गोमंतकीय जनता विसरलेली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखूसेवनाचे सर्वांत कमी प्रमाण, ९.७ टक्के, गोव्यातच आढळले. याचे समाधान आहेच. परंतु कायदा बसस्थानकावरील विडी विझवू शकतो. माणसाच्या देहात मुरलेली तलफ विझवणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते काम रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरचे आहे, आणि नेमके तेच आपण त्याला नीट शिकवीत नाही.

त्याच पाहणीतील देशभराचे आकडे बोलके आहेत. धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ते सोडण्याच्या विचारात होते. उलट, वर्षभरात डॉक्टरकडे वा आरोग्यसेवकाकडे गेलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच ‘सोडा’ असा सल्ला मिळाला होता. म्हणजे सोडू पाहणारा दाराशी येतो आणि निम्म्या वेळा त्याला कोणी हटकतही नाही!

हा दोष डॉक्टरांच्या अनास्थेचा आहे असे आम्हांस वाटत नाही. विद्यार्थी रुग्णाची माहिती लिहून घेताना ‘विडी, रोज एक कट्टा, वीस वर्षे’ अशी नोंद इमानाने करतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. फुप्फुसाचा आजार ओळखायला त्याला शिकवलेले असते, त्यावर परीक्षेत गुणही असतात. त्या विडीचे पुढे काय करावयाचे, यावर मात्र त्याची कसोटी क्वचितच लागते. जे परीक्षेत नाही ते विद्यार्थी मनावर घेत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावयास नको.

बाह्यरुग्ण विभागात लोटणाऱ्या गर्दीत एवढा वेळ कोठून आणावयाचा, असे कोणी विचारील. याचे उत्तर लंडनमध्ये १९७९ सालीच मिळाले आहे. डॉ. मायकेल रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य डॉक्टरांकडे येणाऱ्या दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांची पाहणी केली. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांपैकी वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेले ०.३ टक्के निघाले. ज्यांना डॉक्टरने एकदोन मिनिटे सल्ला दिला, पत्रक दिले आणि ‘पुढे विचारपूस करू’ असे बजावले, त्यांच्यात हेच प्रमाण ५.१ टक्के होते. शंभरांत पाच हा आकडा लहान दिसतो खरा. पण प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत हे केले, तर वाचणारे संसार थोडे नसतील.

मात्र ही दोन मिनिटे कशी वापरावयाची, हे शिकावे लागते. ‘मरायचे आहे का?’ असे खडसावणे म्हणजे सल्ला नव्हे. त्याने रुग्ण पुढच्या खेपेस खोटे बोलू लागतो, एवढेच. आधी विचारावे, स्पष्ट सांगावे, मनाची तयारी पाहावी, सोडण्याचा दिवस ठरवून द्यावा आणि पुन्हा बोलवावे, असा हा क्रम आहे. पहिल्या काही दिवसांत चिडचिड होते, झोप उडते, तलफ उसळते आणि दोनचार आठवड्यांत ती ओसरू लागते, हे आधीच सांगितलेला माणूस तग धरतो. निकोटिनचे च्युइंगम पानासारखे चघळावयाचे नसते. सावकाश चावून ते गालात धरून ठेवावयाचे असते. हे न सांगितल्याने घशाला जळजळ होते, उचक्या लागतात आणि रुग्ण औषध फेकून पुन्हा विडीच पेटवतो.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, वैद्यकीय, दंतवैद्यकीय, परिचर्या व औषधनिर्माण या चारही शाखांच्या विद्यार्थ्यांना हे कौशल्य खऱ्या रुग्णांसमवेत शिकवावे आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. नाडी व रक्तदाब पाहता न येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण उत्तीर्ण करीत नाही. मग व्यसनी रुग्णाशी चार शब्द धड बोलता न येणाऱ्याला का करावे? निकोटिनची पर्यायी औषधे २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आहेत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रांतही हाताशी असावीत. १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनीसेवा प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असावी.

यासाठी नवी इमारत नको, मोठे यंत्र नको. हवा आहे तो अभ्यासक्रमात थोडा वेळ आणि शिक्षकांचा निर्धार. कायदा करताना गोव्याने देशाला वाट दाखवली; तीच वाट आता त्याने वर्गाच्या दारापर्यंत न्यावी.