चार तत्त्वं, चार वर्ण

"पत्रिका बघून घ्यायला काय हरकत आहे? मनाचं समाधान!" हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं शिबिरांत ऐकते, आमच्या सल्ला केंद्रात ऐकते आणि आपल्यातल्या कार्यकर्त्यांच्या घरीही ऐकते. मोर्चात माझ्या शेजारी घोषणा देणारी बाई मुलीचं लग्न काढते तेव्हा गुपचूप टिपण घेऊन गुरुजींकडे जाते. हे जुनंच दुखणं. पण अलीकडे ते नव्या रूपात आलं आहे, म्हणून हा लेख.

आता पंचवीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या, स्वतःच्या मनानं जोडीदार निवडणाऱ्या मुली माझ्याशी बोलताना म्हणतात, "मी अग्नितत्त्वाची, तो जलतत्त्वाचा. आग आणि पाणी, कसं टिकणार?" मोबाइलमध्ये दोन जन्मतारखा टाकल्या की उत्तर हातात येतं. पृथ्वी आणि जल यांचं जमतं, अग्नीला वायू फुलवतो, वायू आणि पृथ्वी यांचं पटत नाही. मुलींना हे पंचांगासारखं जुनाट वाटत नाही. यात गुरुजी नाहीत, दक्षिणा नाही, जात नाही, असं त्यांना वाटतं. ते खरं आहे का, एवढंच आपण तपासू.

आधी साधा प्रश्न. तुमची रास कोणती? एखादी मुलगी १ एप्रिलला जन्मली. मोबाइल सांगतो मेष, म्हणजे अग्नितत्त्व. पण आपल्या पंचांगात त्या दिवशी सूर्य मीन राशीत असतो. तो मेषेत जातो १४ एप्रिलच्या सुमाराला. पाश्चात्त्य गणित सायन, आपलं निरयन, आणि दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे. म्हणजे पंचांगाप्रमाणे तिचा सूर्य जलतत्त्वाच्या राशीत. शिवाय आपल्याकडे लग्नासाठी सूर्याची रास बघतच नाहीत, चंद्राची बघतात, आणि चंद्र तर सव्वादोन दिवसांत रास बदलतो. तेव्हा एकच मुलगी एका हिशोबानं आग, दुसऱ्या हिशोबानं पाणी, तिसऱ्या हिशोबानं माती. तिच्या स्वभावाचं काय, ते तिला विचारा ना!

आता जातीकडे येऊ. गुणमेलनाच्या कोष्टकात आठ कूटं असतात: वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट आणि नाडी. त्यांना अनुक्रमे एक ते आठ गुण, बेरीज छत्तीस. पहिलंच कूट वर्ण. ते कसं ठरतं? कर्क, वृश्चिक, मीन या राशी ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. आता हीच यादी तत्त्वांच्या यादीशेजारी ठेवा. कर्क, वृश्चिक, मीन म्हणजे जलतत्त्व. मेष, सिंह, धनू म्हणजे अग्नी. वृषभ, कन्या, मकर म्हणजे पृथ्वी. मिथुन, तूळ, कुंभ म्हणजे वायू. एकाही राशीचा फरक नाही. पाणी ब्राह्मण, आग क्षत्रिय, माती वैश्य, वारा शूद्र! मोबाइलवर ज्याला आपण निरागसपणे 'तत्त्व' म्हणतो, त्याच चार गटांवर आपल्या पंचांगानं चार वर्णांची पाटी लावलेली आहे.

आणि नियम? वराचा वर्ण वधूच्या वर्णाइतका किंवा त्याहून वरचा असेल तर गुण मिळतो. वधूचा वर्ण वरचा असेल तर शून्य. अनुलोम चालेल, प्रतिलोम चालणार नाही, ही मनुस्मृतीची शिकवण इथे एका गुणात बसवली आहे. कोणी म्हणेल, छत्तीसातला एकच तर गुण! पण पाया तोच आहे. नवरा वरचा, बायको खालची, हे आकाशातल्या चांदण्यांकडूनही वदवून घेतलं आहे. दुसरं कूट 'वश्य'. शब्दच बोलका आहे: कोण कोणाच्या कह्यात राहील. दोन माणसांच्या सहजीवनाची पहिली दोन मोजमापं अशी, उच्चनीचता आणि ताबा. प्रेमाचं कूट आठांत नाही. मुलीच्या संमतीचं तर नाहीच नाही.

हे सगळं वेदकाळापासून चालत आलं आहे, असं सांगतात. तेही तपासा. वेदांगज्योतिषात नक्षत्रं आहेत, पण मेष-वृषभादी राशी नाहीत. राशींची कल्पना बाबिलोन आणि ग्रीस यांच्याकडून आपल्याकडे आली. 'होरा' हा शब्दच ग्रीक. लग्नाच्या मुहूर्तासाठी आजही ज्याचा आधार घेतात तो 'मुहूर्तचिंतामणी' काशीत इसवी सन १६०० मध्ये लिहिला गेला. म्हणजे परक्याकडून राशी घेतल्या आणि त्यांवर आपली जात चढवली. पाश्चात्त्य म्हणून कशालाही नाकं मुरडणाऱ्यांना याची मात्र लाज वाटत नाही.

आता 'मंगळाची मुलगी'. पत्रिकेत बारा घरं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळदोष. बारांपैकी पाच घरं, म्हणजे साधारण शंभरातल्या एक्केचाळीस-बेचाळीस माणसांना मंगळ असणारच. दक्षिणेत दुसरं घरही धरतात, मग तर निम्मी माणसं मंगळाची. इतकी सर्रास असलेली गोष्ट नवऱ्याच्या जिवावर उठत असती, तर गावात पुरुष उरले असते का? पण गंमत अशी की मंगळ मुलालाही असतो, मुलीलाही; आयुष्य मात्र मुलीचंच अडतं. स्थळ हातचं जाऊ नये असं असलं की 'परिहार' सापडतो. मंगळ स्वगृहीचा आहे, गुरूची दृष्टी आहे, आता अठ्ठावीस वर्षं उलटली. हुंडा कमी पडला की तोच मंगळ कडक होतो. आमच्या केंद्रात येणाऱ्या बायांच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे, की 'कडक' आणि 'सौम्य' हे शब्द कानावर आले की मी आधी देण्याघेण्याचं काय ठरलं होतं ते विचारते.

नक्षत्रांचंही तेच. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची मोठ्या दिराला, विशाखेची धाकट्या दिराला. सत्तावीसांतली ही चार नक्षत्रं, आणि व्यवहारात प्रश्न फक्त मुलीला. सासरचं अख्खं घर जिच्या जन्मवेळेमुळे धोक्यात येतं, ती त्या घरात काय अधिकारानं उभी राहणार? नवरा दारूनं गेला, अपघातात गेला, तरी "हिच्या पत्रिकेतच होतं" म्हणायला सगळे मोकळे. विधवेला पांढऱ्या पायाची ठरवणारी जी नजर, तीच इथे लग्नाआधीच कामाला लागते.

छत्तीस गुणांचं आणखी एक गणित करून बघा. ही आठही कूटं दोघांच्या चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून निघतात. एका नक्षत्रात चंद्र सुमारे एक दिवस असतो, त्याच्या एका चरणात सुमारे सहा तास. म्हणजे त्या सहा तासांत जगभर जन्मलेल्या प्रत्येक मुलाशी तुमच्या मुलीचे अगदी तितकेच गुण जमतील. त्यात कष्टाळू असेल, ऐदी असेल, बायकोला मारणाराही असेल. कोष्टकाला यांतला फरक कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित बायांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. यांतल्या किती जणींची लग्नं पत्रिका बघून, अठरांहून जास्त गुण जमवून झाली असतील, याचा आपापल्या ओळखीतल्या बायांपुरता तरी विचार करा. आपल्या भाषेनं मात्र खरं ते ओळखलं आहे: न पटणाऱ्यांमध्ये 'छत्तीसचा आकडा' असतो!

कोणी म्हणेल, शास्त्र आहे, तुम्हाला कळत नाही. शास्त्र असेल तर परीक्षेला बसावं. मँचेस्टर विद्यापीठाच्या डेव्हिड व्होआस यांनी २००७ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतल्या सुमारे एक कोटी जोडप्यांच्या राशी तपासल्या. अमुक राशीचं तमुक राशीशी जमतं, असा कुठलाही कल सापडला नाही. इथे पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ओळखायच्या होत्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास आले असते. तरीही विद्यापीठ अनुदान आयोगानं २००१ मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरले. आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही ज्योतिषाचा सल्ला कक्षेबाहेरच राहिला.

हा नुसता समजुतीचा प्रश्न असता तर मी इतकी चिडले नसते. पण पत्रिका पुरुषाला पळवाट देते. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक अर्ज आला. लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले आणि नंतर मागे फिरला, असा आरोप असलेला पुरुष म्हणत होता, पत्रिका जुळत नव्हती, मला दोषमुक्त करा. न्यायालयानं अर्ज फेटाळला. संबंध ठेवताना तारे आडवे आले नव्हते, लग्नाच्या वेळी आले! मे २०२३ मध्ये तर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानं अशाच प्रकरणात, आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीत, तक्रारदार बाई मंगळाची आहे का हे लखनौ विद्यापीठाच्या ज्योतिष विभागाकडून तपासून घ्यायला सांगितलं. जूनच्या ३ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईची पत्रिका मागवली गेली, हे मात्र विसरू नका.

आपल्याच गटांत एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मी हलका मानत नाही. "ताई, नको असलेलं स्थळ मोडायला पत्रिकाच कामी येते. मुलीनं 'नाही' म्हटलं तर मार खाते, गुरुजींनी 'नाही' म्हटलं तर सुटते." खरं आहे. ज्या मुलीनं असं स्वतःला वाचवलं तिला मी कधीच दोष देणार नाही. पण बघा, यात मुलीच्या नकाराला किंमत नाही हेच सिद्ध होतं. उद्या तेच गुरुजी 'छत्तीस जमतात' म्हणतील तेव्हा ती काय करणार? उसना नकार ज्याच्याकडून आणला, तो उद्या होकारही लादतो. आपलं काम मुलीच्या स्वतःच्या 'नाही'मागे उभं राहण्याचं आहे.

दुसरा आक्षेप नाडीचा. "एक नाड म्हणजे एक रक्तगट, मुलं नीट होत नाहीत." हे धादांत खोटं आहे. नऊ-नऊ नक्षत्रांच्या तीन नाड्या, म्हणजे सुमारे दर तीन जोडप्यांत एकाची नाड एक येणारच. नाडीचा रक्ताशी काही संबंध नाही, आणि रक्तगट एक असल्यानं काही बिघडत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर काळजी घ्यावी लागते, त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे. बघायचंच तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया बघा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलनं किती घरं पोळली आहेत हे तिथल्या मैत्रिणींना ठाऊक आहे. साध्या रक्ततपासणीत कळणारी ही गोष्ट विचारायला आपण लाजतो, आणि नाड विचारतो!

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. आपण, आपल्या ओळखीच्या संस्था, जिथे जिथे वधू-वर मेळावे भरवतो, तिथल्या अर्जातून रास, नक्षत्र, गण, नाडी हे रकाने काढून टाकू. त्याजागी विचारू: रक्ताची तपासणी झाली का, कर्ज किती, दारू पितो का, घर कोणाच्या नावावर, लग्नानंतर बाईच्या पगारावर हक्क कोणाचा, घरकाम कोण करणार, मूल कधी आणि किती हे कोण ठरवणार. मुलीनं एकटीनं, दडपणाशिवाय होकार दिला आहे का, हे तिला बाजूला घेऊन विचारू. हिंदू विवाह कायदा (१९५५) आणि विशेष विवाह कायदा (१९५४), दोन्हींना पत्रिका लागत नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षं झाली.

आणि तरुण मैत्रिणींनो, तुम्हाला एवढंच सांगते. तो जलतत्त्वाचा आहे की अग्नीचा, हे राहू द्या. तुम्ही 'नाही' म्हटल्यावर तो कसा वागतो, तेवढं बघा.