उसना आचारी

नाशकास तीर्थोपाध्यायांच्या घरीं परप्रांतींचे यात्रेकरू उतरण्याची चाल जुनी आहे. समजा, अशा एखाद्या यजमानानें आपला आचारी बरोबर आणला व त्यास मराठी मुळींच येत नाहीं. तो आपल्या भाषेंत पळी मागतो, पाटा मागतो. दोन्ही भाषा जाणणारा दुभाष्या शेजारीं उभा राहिला, तर स्वयंपाक सुरळीत पार पडतो.

संगणकाच्या घरांतही असा आचारी असतो. प्रिंटर, वायफाय कार्ड इत्यादि प्रत्येक भागाकडून काम करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमास ड्रायव्हर म्हणतात. आणि ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीं तो लिहिला, तिचीच भाषा त्यास समजते. २००७ सालीं आमच्या पुतण्यानें घरच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजीं लिनक्स बसविली. सर्व ठीक चाललें. वायफाय मात्र मुकें झालें. कार्डाच्या कंपनीनें ड्रायव्हर केवळ विंडोजसाठीं दिला होता, आणि त्याची मूळ संहिता गुप्त होती.

यावर तोड निघालेली होती. विंडोजचे नेटवर्क-ड्रायव्हर ‘एनडिस’ नांवाच्या ठराविक नियमांनींच आपल्या सिस्टिमशीं बोलतात. त्याच हांकांना लिनक्समधून उत्तरें देणारा ‘एनडिसरॅपर’ हा दुभाष्या पाँटस फुक्स यांनीं २००३ सालीं आरंभिला व गिरिधर पेम्मसानी यांनीं पुढें वाढविला. फ्रीबीएसडी या सिस्टिमवर बिल पॉल यांनीं हेंच साधलें.

आमचें वायफाय चालूं लागलें आणि घरांत पुतण्याचें फार कौतुक झालें. परंतु कांहीं महिन्यांनीं लिनक्सची नवी आवृत्ति घेतांच यंत्र मध्येंच थिजूं लागलें. कारण उघड होतें. हा आचारी ओसरीवर नव्हे, थेट चुलीपाशीं बसतो. ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यांत चालतो. त्याची चूक झाली कीं सारें घर अडतें. आणि संहिताच गुप्त, तेव्हां दुरुस्ती कोणीं व कशी करावी?

उसनें घेण्यांत दोष नाहीं. आजही फ्रीबीएसडी लिनक्सचे ग्राफिक्स-ड्रायव्हर वापरते व हायकू ही सिस्टिम फ्रीबीएसडीचे नेटवर्क-ड्रायव्हर घेते. तेथेंही दुभाष्या असतोच. पण पाककृति सर्वांसमोर असल्यामुळें बिघडलेलें सुधारतां येतें. आमच्या कार्डाचाही खुला ड्रायव्हर पुढें लिनक्समध्येंच आला, आणि त्या लॅपटॉपवर धाकट्या दोघां मुलांचें शिक्षण झालें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमीची मदत संपली. ज्या घरीं तसें जुनें यंत्र आहे, त्यांनीं तें भंगारांत काढण्यापूर्वीं लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. वायफाय, प्रिंटर व आवाज चालतात कीं नाहीं हें तासाभरांत कळतें. नवा प्रिंटर घेतांनाही दुकानदारास केवळ किंमत विचारूं नये. याचा खुला ड्रायव्हर आहे काय, हेंही अवश्य विचारावें.