गोल्फ क्लबची मेंबरशिप म्हणजे नेमकं काय विकत घेणं? केमहून मांडलेला हिशोब

ऑक्टोबर २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉय दिल्लीत खेळून गेला. दिल्ली गोल्फ क्लबवर झालेली डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप जिंकली टॉमी फ्लीटवूडनं, पण मोबाईलवर फिरले ते मॅकिलरॉयचे रील्स. त्यातली एक गोष्ट फार कमी जणांनी नीट ऐकली. ज्या काठीनं तो चेंडू सगळ्यात लांब मारतो, ती ड्रायव्हर नावाची काठी या कोर्सवर वापरणारच नाही, असं त्यानं स्पर्धेआधी सांगितलं होतं. कारण साधं होतं. कोर्स अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, चेंडू झुडपात गेला की शोधत बसायचं.

जगातल्या सगळ्यात ताकदीच्या फटक्यांपैकी एक ज्याच्याकडे आहे, तो माणूस तो फटका गुंडाळून ठेवतो. गोल्फ शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या बहुतेकांचा हिशोब मात्र उलटा असतो. आधी महागडा ड्रायव्हर, मग क्लबची मेंबरशिप, मग इन्स्टाग्रामवर फोटो. गेम सुधारायचं सगळ्यात शेवटी.

हा हिशोब मांडायला पुणे-मुंबईपेक्षा केम ही जागा बरी. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं हे गाव, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधे. महाराष्ट्राला केम माहीत आहे ते कुंकवामुळे. पंचक्रोशीत गोल्फ कोर्स नाही. इथल्या एखाद्या पोराला रील बघून गोल्फ खेळावंसं वाटलं, तर पुण्याकडे जाणारी गाडी पकडण्याला पर्याय नाही. पुण्यात उतरल्यावर त्याच्यासमोर जे दार येतं, त्यावरच खरा प्रश्न लिहिलेला असतो : तुम्ही मेंबर आहात का?

मेंबरशिपमध्ये मिळतं काय?

गोल्फ क्लबचं सदस्यत्व हे जिमच्या पॅकेजसारखं नसतं. आधी एकरकमी प्रवेश शुल्क. मग वर्षाची किंवा महिन्याची वर्गणी. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक फेरीची वेगळी ग्रीन फी, कॅडीचे पैसे वेगळे, शिकवणारा प्रो ठेवला तर त्याचे वेगळे. शिवाय १८ टक्के जीएसटी. खेळणारा मेंबर आणि फक्त क्लबहाऊस वापरणारा मेंबर असे प्रकार असतात. कंपनीच्या नावानं मिळणारं सदस्यत्व असतं, ठरावीक वर्षांपुरतं असतं आणि आयुष्यभराचंही असतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे कुठल्याही क्लबचे नाहीत, फक्त गणितासाठी घेतलेत. समजा प्रवेश शुल्क १० लाख, वर्षाची वर्गणी ५० हजार. प्रवेश शुल्क २० वर्षांत वाटून टाकलं तर वर्षाला ५० हजार. म्हणजे एकूण वर्षाचा खर्च १ लाख, जीएसटी धरून १ लाख १८ हजार. हा माणूस वर्षात १०० फेऱ्या खेळला तर एक फेरी पडते १,१८० रुपयांना. महिन्याला एकदाच खेळला तर तीच फेरी जवळजवळ ९,८०० रुपयांना. मेंबरशिप महाग की स्वस्त, हे क्लबच्या दरपत्रकापेक्षा मेंबरच्या कॅलेंडरवर ठरतं. आणि बहुतेकांचं कॅलेंडर दुसऱ्या प्रकारातलं असतं, हे कुठल्याही जिमवाल्याला विचारा.

त्या जीएसटीचीही एक कथा आहे. क्लब म्हणजे त्याचे सदस्यच, मग स्वतःच स्वतःला दिलेल्या सेवेवर कर कसा, असा क्लबांचा जुना युक्तिवाद. कलकत्ता क्लबच्या प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जुन्या करांपुरता तो मान्य केला. मग केंद्र सरकारनं २०२१ च्या वित्त कायद्यातून जीएसटी कायद्यात दुरुस्ती केली, तीही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन लागू होईल अशी. एप्रिल २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं डॉक्टरांच्या संघटनेच्या, म्हणजे आयएमएच्या प्रकरणात ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. क्लबचं बिल बघताना कराची ओळ कुठून आली, ते एवढ्यावरून कळेल.

रांग आणि दार

पैसे असले तरी दार उघडेलच असं नाही. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये सरकारी कोट्याबाहेरच्या अर्जदारानं दशकानुदशकं थांबणं ही नवलाची गोष्ट नाही. अर्ज बापानं करायचा आणि पहिला फटका पोरानं मारायचा, असा हा प्रकार. मुंबईतला विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१८ चा. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांना त्यांच्या भारतीय पाहुण्यासह गोऱ्यांच्या क्लबमध्ये प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी हा क्लब काढला, अशी त्याची कथा सांगितली जाते. भेदभाव मोडायला निघालेला क्लब आज शहरातल्या सगळ्यात बंद दारांपैकी एक मानला जातो. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात १८८६ सालच्या पूना क्लबचा १८ होलचा कोर्स येरवड्यात आहे.

या सगळ्या यादीत खारघर वेगळं पडतं. तिथला कोर्स सिडकोनं, म्हणजे सरकारी महामंडळानं उभारलेला आहे. मेंबर नसलेल्या माणसालाही पैसे भरून तिथं खेळता येतं. केमच्या पोराला परवडणारं दार शोधायचं तर ते येरवड्याच्या आधी खारघरला सापडेल.

गोल्फचं माहेर असलेल्या स्कॉटलंडमध्ये तर उलटीच रीत. सेंट अँड्रयूजचा ओल्ड कोर्स ही सार्वजनिक जागा आहे. गावकऱ्यांना वार्षिक तिकिटावर खेळता येतं आणि रविवारी खेळ बंद असतो, तेव्हा लोक तिथं कुत्री घेऊन फिरायला जातात. आपल्याकडे खेळ आला तो साहेबासोबत, त्यामुळे खेळाच्या आधी कुंपण आलं.

मेंबर नसलेले चॅम्पियन

भारतात गोल्फ चांगला कोण खेळलं, हे पाहिलं की मेंबरशिप आणि गेम यांचं नातं किती सैल आहे ते दिसतं. १९९१ ची इंडियन ओपन जिंकली अली शेर यांनी. ते दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचे. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. एसएसपी चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळीची देखभाल करायचे. मुलानं २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली आणि रिओ ऑलिम्पिकला भारताकडून खेळला. लांब फटक्यात मागे आणि चेंडू होलच्या जवळ नेण्यात पुढे, म्हणून सहकाऱ्यांनी त्याचं नाव 'चिपपटसिया' ठेवलं. चिप आणि पट, दोन्ही छोटे फटके.

पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी लष्करी डॉक्टरचा मुलगा. वडिलांसोबत छावण्यांमधल्या कोर्सवर तो शिकला. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला.

कॅडी शिकतात कसे? बऱ्याच क्लबांमध्ये सोमवारी कोर्स देखभालीसाठी बंद असतो, तेव्हा कॅडींना खेळायला मिळतं. उरलेले सहा दिवस ते दुसऱ्यांच्या चुका बघत असतात. वर्षात ५२ सोमवार. वर म्हटलेल्या महिन्याला एकदा खेळणाऱ्या मेंबरच्या चौपटीहून जास्त.

मग गेम सुधारतो कसा?

१८ होलच्या कोर्सचं पार साधारण ७२ असतं, म्हणजे कसलेल्या खेळाडूला अपेक्षित फटके ७२. हे पार ठरवताना प्रत्येक होलला हिरवळीवरचे २ फटके धरलेले असतात. १८ गुणिले २ म्हणजे ३६. बरोबर निम्मे. निम्मा खेळ पटरनं, जमिनीवरून चेंडू सरकवत होतो. त्याला दीडशे एकर लागत नाहीत. सतरंजी आणि स्टीलचा पेला पुरतो. नियमानुसार बॅगेत १४ काठ्या चालतात, पण शिकणाऱ्याला सुरुवातीला सेव्हन आयर्न, एक वेज आणि पटर, एवढ्या तीन बास.

इथं क्लबच्या बाजूनंही बोलायला हवं. अधिकृत हँडिकॅप हवा असेल तर साधारणपणे इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेल्या क्लबमधूनच तो मिळतो. हँडिकॅप म्हणजे तुमच्या कौशल्याचा आकडा. तो जितका कमी तितका खेळाडू चांगला, आणि नवख्याला जास्तीत जास्त ५४ मिळू शकतो. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांमधल्या सर्वोत्तम ८ घेऊन सरासरी काढतात. दुसऱ्या क्लबवर पाहुणा म्हणून गेलात, स्पर्धेत नाव दिलंत, तर हाच आकडा विचारतात. आता महिन्याला एक फेरी खेळणाऱ्याच्या २० फेऱ्या भरायला एक वर्ष आठ महिने लागतात. तोवर पहिल्या फेरीत तो काय चुकला होता, हे त्याला आठवणारही नाही.

म्हणून वर्षभर खेळण्याला अर्थ आहे, आणि महाराष्ट्रात ते जमतंही. स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात गवताला जपण्यासाठी ओल्ड कोर्सवर चेंडूखाली छोटी चटई ठेवून मारावं लागतं. आपल्याकडे हिवाळा हाच खरा मोसम. फक्त सकाळी दव असलं की हिरवळीवर चेंडू रखडतो, तेव्हा जरा जोरात ढकलायचा. मार्च ते मे जमीन टणक होते, चेंडू टप्पा खाऊन पुढे पळतो आणि आपला फटका सुधारला असा गैरसमज होतो. उजाडताच सुरू करायचं आणि दहाच्या आत सावलीत यायचं. पावसाळ्यात चेंडू पडल्या जागी चिखलात रुततो. अशा दिवसांत क्लब बहुतेक वेळा स्थानिक नियम लावतात : चेंडू उचला, पुसा, जवळच ठेवा. विजा चमकायला लागल्या की मात्र मोकळ्या मैदानात लोखंडी काठी घेऊन उभं राहायचं नाही. भोंगा वाजायची वाट बघू नका.

आणि पाणी?

उन्हाळ्यातही कोर्स हिरवा दिसतो, तो कशावर? एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. कडक उन्हात गवताला दिवसाला ५ मिलिमीटर धरा आणि पूर्ण कोर्स सोडून फक्त २० हेक्टर भिजवा. रोजचे १० लाख लिटर झाले. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. त्या हिशोबानं हे १८ हजार माणसांचं पाणी.

केमच्या परिसरात हा आकडा नुसता आकडा राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती पंढरपूर-कुर्डुवाडी मार्गानं. कुर्डुवाडी म्हणजे केमच्या शेजारचं जंक्शन. त्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. वरच्या गणितातल्या कोर्सचा अर्धा दिवस. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते. मैदानांना किती पाणी लागतं, यावर तेव्हा घराघरात वाद झाला. गोल्फ त्या वादात आलंच नाही, कारण ते बघणारेच थोडे.

क्लबांचं म्हणणं असं की आम्ही प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतो. जिथं ते खरंच वापरलं जातं तिथं हा मुद्दा रास्त आहे. पण पुण्याची मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. ११७ टीएमसीच्या त्या धरणावर सोलापूर जिल्ह्याची शेती आणि सोलापूर शहराची तहान अवलंबून आहे. वरचं शहर पाणी कसं वापरतं आणि कसं सोडतं, हा खालच्या गावाचा प्रश्न असतोच. त्यामुळे कोणता क्लब रोज किती पाणी घेतो आणि कुठून घेतो, हे त्याच्या दरपत्रकाशेजारी लिहिलेलं असायला हरकत नाही.

गवताशिवाय गोल्फ होतच नाही, असंही नाही. भारतातल्या कित्येक छावण्यांमध्ये पूर्वी हिरवळीऐवजी तेल मिसळलेली, दाबून सपाट केलेली वाळू असायची. ग्रीन नाही म्हणून तिला 'ब्राऊन' म्हणत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पेडी नावाचं खाणींचं गाव आहे. तिथल्या कोर्सवर गवत नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा छोटा तुकडा सोबत घेऊन फिरतात, फटका मारायच्या वेळी तो चेंडूखाली ठेवतात, मारून झालं की उचलतात. करमाळ्याच्या माळरानासारख्या जमिनीवर खेळणारा हा क्लब जगात ओळखला जातो तो सेंट अँड्रयूजशी असलेल्या परस्पर खेळण्याच्या करारामुळे.