खंडाळ्याचा एलिया
लोणावळ्या-खंडाळ्यातील आपल्या मुलांच्या हाती यहुदी लोककथा येते ती बहुधा गुळगुळीत परदेशी चित्रपुस्तकातून, शेवटच्या पानावर तात्पर्य चिकटवून! मुलांना इतके मंद का समजावे? १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी सचित्र हग्गादा हा ग्रंथ छापला गेला. त्यातील बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार एलिया संदेष्ट्याचा रथ खंडाळ्यालाच टेकला (घाटावरच्या नव्हे, अलिबागजवळच्या). तो रथ, मलिद्याचे ताट, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ हे मराठी चित्रपुस्तकात आणायला आमचे प्रकाशक कशाची वाट पाहतात? सांगणारे बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेले. मागे राहिलेल्या आजीआजोबांकडून या कथा येत्या पावसाळ्याआधी उतरवून घ्याव्यात.