यंत्र बदलले की आज्ञावली अडते

सरकारी कचेरीतील संगणक बदलला आणि काल चालणारी आज्ञावली आज चालेनाशी झाली, की दोष नव्या यंत्रावर ढकलण्यात येतो. आमच्या मते तो बहुधा आज्ञावली बांधणाऱ्याचा आणि ती न पारखता स्वीकारणाऱ्याचा असतो. एकाच संगणकावर बसून बांधलेली आज्ञावली त्या संगणकाच्या सवयी नकळत उचलते. रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे 'विंडोज' फाइलच्या नावात सामान्यतः एकच मानते. 'लिनक्स'वर त्या दोन निराळ्या फाइली ठरतात. एखादी साहाय्यक 'लायब्ररी' घरच्या यंत्रावर आधीपासून असते, परक्या यंत्रावर नसते. तिची कोणती आवृत्ती हवी, हे लिहून ठेवण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात.

हे दुखणे जुनेच. १९७३ मध्ये 'युनिक्स' प्रणाली 'सी' भाषेत नव्याने लिहिली गेली, तेव्हा ती एका यंत्राच्या दावणीतून सुटण्याची वाट मोकळी झाली. पुढे १९८८ मध्ये 'पॉझिक्स' हे मानक आले. २०१३ मध्ये अवतरलेल्या 'डॉकर'ने तर आज्ञावलीबरोबर तिचे बिऱ्हाडच पाठवण्याची सोय केली. सोय मोठी खरी. परंतु लिनक्ससाठी बांधलेल्या बिऱ्हाडाला लिनक्सचा गाभा लागतोच, प्रोसेसरची जातही जुळावी लागते. (विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.) खरी शिस्त 'डेबियन'च्या स्वयंसेवकांची. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात पॅकेजला आपल्या गरजांची यादी जाहीर करावी लागते, आणि एकाच मूळ संहितेतून निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी त्याची बांधणी होते. कोठे ती फसली, तर नोंद सर्वांसमोर राहते.

शिस्त सोडल्यास काय होते, हे दक्षिण कोरियाने भोगले. तेथे बँक-व्यवहारांची सुरक्षा 'इंटरनेट एक्सप्लोरर'मध्येच चालणाऱ्या 'ॲक्टिव्हएक्स'शी जखडली गेली. दुसरी प्रणाली वापरणारा नागरिक आपल्याच बँकेच्या दारात उपरा ठरला. ती मगरमिठी सैल होण्यास बरीच वर्षे लागली.

आपल्या केंद्र सरकारने २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींचे धोरण जाहीर केले. धोरणे उत्तम आहेत. निविदा लिहिणाऱ्याने ती वाचावीत, एवढेच मागणे. जनतेच्या पैशाने आज्ञावली घेताना मूळ संहिता आणि गरजांची संपूर्ण यादी हाती आल्याखेरीज, तसेच किमान दोन भिन्न प्रणालींच्या कोऱ्या संगणकांवर ती खात्याच्या कर्मचाऱ्यांदेखत चालल्याखेरीज, ठेकेदाराचे अखेरचे बिल मंजूर होता कामा नये.